कवटीचा पतंग उसाचा वैरी नव्हे



पावसाळा लागला की मोटारीच्या खोलीवरच्या दिव्याला जाडजूड पतंग येतात. ते बघून "किडीचे पतंग आलेत, औषध मारायचं का?" अशी विचारणा गट ऑफिसात होते. औषध आणि मजुरीवर पैसा घालण्याआधी पतंग नीट ओळखावा, म्हणून हा लेख.

हे मोठे पतंग बहुधा हॉक मॉथ या कुळातले असतात. धड जाड व मागे निमुळते, पंख लांबट व टोकदार. पंख पसरले की तीन-चार इंच भरतात. अळीच्या शेपटाशी शिंग असते. ओळखीच्या खुणा अशा :

१) कवटीवाला : पाठीवर माणसाच्या कवटीसारखी खूण, धडावर पिवळे-काळे पट्टे. धरला तर चिरकतो. मधाच्या पोळ्यात शिरून मध पितो. लोक अपशकुनी मानतात, त्यात तथ्य नाही. अळी तीळ, वांगी खाते.

२) रताळ्याचा : पंख राखाडी, धडाच्या दोन्ही बाजूंना गुलाबी-काळे पट्टे.

३) द्राक्ष-अळूचा : पुढच्या पंखावर तिरपी रुपेरी रेघ, मागचे पंख मुळाशी लालसर.

४) कण्हेरीचा : हिरव्या पंखांवर गुलाबी-पांढरट नक्षी. अळी कण्हेर, तगर खाते. नोकरीनिमित्त मीरा-भाईंदरला राहणाऱ्या आपल्या मुलांनीही तो सोसायटीच्या आवारात पाहिला असेल.

यांतला एकही ऊस खात नाही. अपवाद ल्युकोफ्लेबिया या जातीचा. त्याच्या गुलाबी पंखावर मुळापासून टोकापर्यंत पिवळसर पट्टा असतो. अळी गवत व उसाची पाने खाते, पण नुकसान किरकोळ. अळ्या वेचून माराव्यात.

उसाचे खरे वैरी दिसायला लहान, पंख पसरून जेमतेम इंच-सव्वा इंच. शेंडेकिडीचा पतंग पांढराशुभ्र, मादीच्या शेपटाला नारिंगी केसांचा झुपका. खोडकिडीचा आणि कांडीकिडीचा पतंग वाळल्या पाचटाच्या रंगाचा, म्हणून नजरेतून सुटतो. त्यासाठी पिकाकडे बघावे. पोंगा वाळला, ओढताच हातात आला आणि घाण वास आला, तर खोडकीड समजावी.

मोठ्या पतंगाला भिऊन उभ्या उसात फवारणी केली, तर पैसा जातोच, शिवाय मित्रकीटक मरतात. ट्रायकोग्रामा हा बारीक कीटक खोडकिडींची अंडी नासवतो. एपिरिकॅनिया तर स्वतःच एक छोटा काळपट पतंग आहे. त्याची अळी उसावरच्या पाकोळीला चिकटून तिला संपवते. त्याचे पांढरे कोश पानांवर दिसले तर फवारणीचा विचार सोडून द्यावा. तो मारला की पाकोळीला रान मोकळे.

तेव्हा शंका आली तर पतंग बरणीत घालून, किडका पोंगाही बरोबर घेऊन, गट ऑफिसात दाखवावा. आधी ओळख, मग औषध.

— ऊस विकास अधिकारी