इन्व्हर्टर बसवताना रेडिओचाही विचार

हैदराबादच्या सोमाजीगुड्यात हौशी, म्हणजेच ‘हॅम’ रेडिओचालकांची एक राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ साली सुरू झालेली ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अॅमॅच्युअर रेडिओ’. डिसेंबर २००४मध्ये तिच्याच मोहिमेवर हॅमचालक भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले आणि त्यांच्या हॅम रेडिओवरून अंदमानातले निरोप मुख्य भूमीवर येऊ लागले. वीज गेल्यावर रेडिओ चालायलाच हवा, तो याचसाठी. पण नेमक्या त्याच वेळी घरातला इन्व्हर्टर सुरू होतो आणि रेडिओ खरखरू लागतो.

याचं कारण इन्व्हर्टरच्या कामातच आहे. बॅटरीची एकदिश वीज तो सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून ‘साईन वेव्ह’ घडवतो. समजा ही उघडझाप २० किलोहर्ट्झची आहे. मग तिच्या प्रत्येक पटीवर थोडा थोडा गोंगाट उमटतो. सदतिसावी पट ७४० किलोहर्ट्झवर येते आणि आकाशवाणी हैदराबादचं केंद्र ७३८ वर. मधल्या दोन किलोहर्ट्झची शिट्टी कानात बसते. ३५०वी पट थेट सात मेगाहर्ट्झवर, म्हणजे हॅम मंडळींच्या चाळीस मीटर पट्ट्याच्या उंबरठ्यावर. अँटेनात येणारा दूरचा संदेश मायक्रोव्होल्टमध्ये मोजावा इतका क्षीण असतो, आणि शेजारी इन्व्हर्टर दहा-वीस अँपिअर तोडत-जोडत असतो.

तरी दोष नुसता यंत्राचा नसतो. गोंगाट बाहेर फेकतात त्या तारा, आणि तारा कशा टाकायच्या हे बसवतानाच ठरतं. सहाशे वॉटचा भार १२ व्होल्टवर चालवला, तर बॅटरीतून पन्नासहून जास्त अँपिअर ओढले जातात. अधिक आणि उणे तारा भिंतीवरून वेगवेगळ्या वाटांनी नेल्या, तर मधल्या मोकळ्या जागेचं मोठं वेटोळं होतं आणि तेच अँटेनासारखं वागतं. त्यामुळे बॅटरी इन्व्हर्टरला खेटून ठेवावी, तारा जाड व आखूड घ्याव्यात आणि दोन्ही एकमेकींभोवती पिळून न्याव्यात. दोन बॅटऱ्या मालिकेत जोडून २४ व्होल्टचा इन्व्हर्टर घेतला, की तोच भार निम्म्या प्रवाहावर चालतो. फ्यूज मात्र बॅटरीच्या अधिक टोकाजवळच हवा. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, म्हणून जागा हवेशीर असावी; रेडिओसाठी बंद कपाटात बॅटरी कोंडू नये.

त्यानंतर गोंगाट अडवायला फेराइटची कडी. बॅटरीच्या दोन्ही तारा एकाच कडीतून एकत्र, शक्य तितके वेढे देऊन न्याव्यात. एकच तार नेली, तर मोठ्या एकदिश प्रवाहाने फेराइट संपृक्त होतं आणि कडी निरुपयोगी ठरते. दोन्ही तारांतले कामाचे प्रवाह एकमेकांचा परिणाम खोडतात, उरलेला गोंगाट अडतो. घराकडे जाणाऱ्या फेज आणि न्यूट्रलवरही हेच करावं, आणि जमलं तर धातूच्या पेटीतला लाइन फिल्टर इन्व्हर्टरच्या धातूच्या आवरणाला पक्का जोडून बसवावा.

अर्थिंगवर लोकांचा भाबडा विश्वास असतो. जिवाच्या सुरक्षेसाठी ते हवंच. हैदराबादच्या ग्रॅनाइटवर तर चांगला खड्डा करणं हेच मोठं काम. पण तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरणारी दहा-बारा मीटरची अर्थिंगची तार सात मेगाहर्ट्झला पाव लहरीइतकी लांब असते. तिथे ती गोंगाट गिळत नाही, उलट पसरवू शकते.

तपासणीला सेलवर चालणारा छोटा ट्रान्झिस्टर पुरतो. मध्यम लहरींवर दोन केंद्रांमधली रिकामी जागा लावून तो तारांजवळून फिरवावा, मग मुख्य स्विच बंद करून इन्व्हर्टर चालू-बंद करावा. इन्व्हर्टर बंद असतानाही खरखर राहिली, तर ती बहुधा शेजारच्या घरातून येते. मुख्य वीज असताना त्रास आणि स्विच बंद केल्यावर शांतता असेल, तर आपल्याच घरातले एलईडी दिवे आणि चार्जर एकेक करून तपासावेत. गच्चीवर सौर पॅनेल असेल आणि खरखर फक्त दिवसा येत असेल, तर तिथला चार्ज कंट्रोलर पाहावा. पॅनेलकडून येणाऱ्या लांब ताराही पिळून आणायच्या असतात, आणि फेराइटची कडी तिथे कंट्रोलरला अगदी लागून घालायची.