संगणक सांभाळताना (भाग ६) : फायरवॉल होती, पण बंद होती

ऑगस्ट २००३. विंडोज एक्सपी चालवणाऱ्या असंख्य संगणकांच्या पडद्यावर एक चौकट उमटू लागली. साठ सेकंदांत यंत्र बंद होणार, काम सेव्ह करा! मग उलटी मोजणी. संगणक पुन्हा सुरू व्हायचा, इंटरनेटला जोडला की थोड्याच वेळात पुन्हा तीच चौकट. कुणी अनोळखी ईमेल उघडला नव्हता, कुणी भलतीसलती फ्लॉपी घातली नव्हती. नुसते इंटरनेटला जोडणे पुरेसे होते.

या प्रकाराचे नाव ब्लास्टर. ११ ऑगस्टला तो पसरू लागला. विंडोजमध्ये आरपीसी नावाची एक सेवा आहे. दुसऱ्या संगणकांचे निरोप घेण्यासाठी ती १३५ क्रमांकाच्या पोर्टवर कान देऊन असते. तिच्यात एक चूक राहून गेली होती. विशिष्ट प्रकारे रचलेला निरोप पाठवला, की परक्याचा प्रोग्रॅम खुशाल तुमच्या यंत्रात चालू लागे, आणि मग ते यंत्र स्वतःच पुढची सावजे शोधायला निघे. मायक्रोसॉफ्टने ही चूक दुरुस्त करणारे अपडेट १६ जुलैलाच दिले होते. म्हणजे सव्वीस दिवस आधी.

त्याहून चुटपुट लावणारी गोष्ट वेगळीच. २००१ मध्ये एक्सपी बाजारात आले तेव्हापासून फायरवॉल त्यात होतीच. फक्त ती बंद ठेवून दिली जात असे, आणि चालू करण्याची खूण नेटवर्क सेटिंगच्या पोटात दडलेली. घरी पत्रे टाइप करणाऱ्या माणसाने ती शोधावी ही अपेक्षाच अवाजवी होती. ऑगस्ट २००४ मध्ये सर्व्हिस पॅक २ आला आणि त्याने फायरवॉल आपणहून चालू केली. एक खूण ‘बंद’वरून ‘चालू’वर गेली, एवढेच, पण घरगुती संगणकाच्या सुरक्षेत त्या काळी याहून मोठे काम झाले असेल असे वाटत नाही.

फायरवॉलचे काम तसे रूक्ष आहे. ब्राउझरने एखादे पान मागितले की ती मागणी लक्षात ठेवायची आणि तिचे उत्तर आत सोडायचे. न मागता बाहेरून आलेल्या जोडण्या मात्र परतवायच्या. सोसायटीचा वॉचमन अनोळखी माणसाला फाटकावर अडवतो. पण चौथ्या मजल्यावरच्या काकांनीच ‘सोड त्याला वर’ म्हटले तर तो काय करणार? ‘लाइट बिल’ म्हणून आलेली आणि आपणच डाउनलोड केलेली फाइल याच वाटेने येते. तिथून पुढचे काम अँटीव्हायरसचे.

या कामात पुण्याचे नाव घ्यावेच लागते. कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर पुढे संगणकदुरुस्तीकडे वळले. ग्राहकांची यंत्रे व्हायरसने बिघडलेली यायची, म्हणून धाकटे बंधू संजय यांनी ती साफ करणारे छोटे प्रोग्रॅम लिहिले. त्यातून नव्वदच्या दशकाच्या मध्यात ‘क्विक हील’ उभे राहिले. २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली.

तेव्हाचा अँटीव्हायरस मुख्यतः ओळखपरेड करी. प्रत्येक व्हायरसच्या कोडमधला खास तुकडा यादीत असायचा, आणि फाइलमध्ये तो सापडला की व्हायरस धरला जायचा. आज यादीबरोबर वागणूकही पाहिली जाते. एखादा प्रोग्रॅम अचानक शेकडो फोटो एकामागून एक बदलू लागला तर त्याचे नाव यादीत नसले तरी त्याला रोखता येते. अर्थात पहारेकरीही चुकतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका सदोष अपडेटने विंडोजच्याच ‘एसव्हीसीहोस्ट’ या अत्यावश्यक फाइलला व्हायरस ठरवले आणि एक्सपीवरची कितीतरी यंत्रे पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिली.

म्हणून ‘दोन अँटीव्हायरस घातले की दुप्पट सुरक्षा’ हा दुकानांत ऐकू येणारा सल्ला मुळीच मानू नये. दोघे एकाच फाइलवर झडप घालतात आणि संगणक रखडतो. २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा अँटीव्हायरस विंडोजमध्येच येतो, आणि साध्या घरगुती वापराला तो पुरतो. दुसरा घातल्यास डिफेंडर बाजूला होतो. त्या दुसऱ्याची मुदत संपली असेल तर तो काढून टाकावा आणि डिफेंडर पुन्हा चालू झाला का, हे ‘विंडोज सिक्युरिटी’त पाहावे. तिथेच फायरवॉलची स्थितीही दिसते. स्टेशन, विमानतळ किंवा कॅफेच्या वायफायवर नेटवर्क ‘पब्लिक’ ठेवावे, म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या संगणकाला आपला संगणक सहजी दिसत नाही.

अपडेटचा धडा मात्र जगाने ब्लास्टरनंतरही गिरवला नाही. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय पसरला, ब्रिटनमधल्या रुग्णालयांचे काम कोलमडले, फाइल सोडवायला तीनशे डॉलरची खंडणी मागितली गेली. त्याने वापरलेल्या चुकीची दुरुस्ती १४ मार्चलाच आलेली होती.

विंडोज १० वापरणाऱ्या घरांत आज तीच अवस्था येऊ घातली आहे. या आवृत्तीची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. डिफेंडरची यादी त्यानंतरही ताजी होत राहते, त्यामुळे हिरवी खूण दिसते आणि घरचे निर्धास्त राहतात. पण विंडोजमध्ये नव्याने सापडणाऱ्या चुका त्या यादीने बुजत नाहीत. वाढीव अपडेटसाठी वेगळी नोंदणी करावी लागते, नाहीतर यंत्राला झेपत असेल तर विंडोज ११ घ्यावे लागते.

पुढील भागात : खंडणीखोर व्हायरस आणि फोटोंचा बॅकअप.