सोमवारची रात्र विका! धावड्यातल्या होमस्टेचा साधा हिशेब

भोकरदन तालुक्यातलं धावडा अजिंठ्याच्या पट्ट्यात येतं. 1983 पासून जागतिक वारसा असलेली लेणी जवळ आहेत, म्हणून लगेच कर्ज काढून सहा खोल्या बांधायच्या का? थांबा, आधी हिशेब करू.

शनिवार-रविवार कुठेही भरतो. होमस्टे बुडतो तो मधल्या वारांना. आता वेळापत्रक बघा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. दोन्हींत अंतर साधारण 100 किलोमीटर. म्हणजे सोमवारी वेरूळ बघणाऱ्या कुटुंबाला मंगळवारी सकाळी अजिंठा गाठायचा, तर मधे मुक्काम लागतोच. ती रात्र तुमची!

आजच्या पाहुण्याला झुंबर नको. स्वच्छ संडास-बाथरूम, चुलीवरची भाकरी-ठेचा, पहाटे शेतात फेरी आणि फोनवर लगेच उत्तर हवं.

म्हणून घरातल्याच दोन खोल्यांपासून सुरुवात करा. शेती असेल तर राज्याचं 2020 चं कृषी पर्यटन धोरण वाचा, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची चौकशी करा. प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र घ्या; परदेशी असेल तर 24 तासांत ऑनलाइन माहिती भरा.

सलग तीन महिने सोमवार भरले, मगच तिसऱ्या खोलीची वीट आणा. पटतंय ना? मग आज वहीत पहिला सोमवार लिहा!