‘होय म्हाराजा’ कुठे म्हणावे?

गावच्या देवळात गाऱ्हाणे घालतात. ते आपण सर्वांनी ऐकले आहे. गुरव किंवा मानकरी देवापुढे उभा राहतो. तो म्हणतो, “बा देवा म्हाराजा!” लागलीच सारा गाव एका आवाजात म्हणतो, “होय म्हाराजा!” मग तो गावाचे मागणे एकेक करून देवापुढे मांडतो. पाऊस वेळेवर पडू दे. गुराढोरांना सांभाळ. मुंबईला गेलेल्या पोरांना सुखी ठेव. दर मागण्याला पुन्हा तोच आवाज उठतो, “होय म्हाराजा!”

ऐकताना अंगावर काटा येतो. बोलतो एकच माणूस, पण शंभर माणसांचे मन एक होते. शब्दात एवढे बळ आहे.

देवळात हे शोभते. तिथले मागणे सर्वांचे असते, सर्वांच्या भल्याचे असते. पण देवळाबाहेरही पुष्कळ माणसे आपल्यापुढे उभी राहून बोलतात. कोणी औषध विकतो. कोणी पैसे दुप्पट करून देतो म्हणतो. कोणी जमीन मागतो, कोणी मत मागतो. त्यांचे बोलणे गोड असते. ऐकता ऐकता आपली मान डोलू लागते. तिथेही आपण विचार न करता “होय म्हाराजा” म्हणतो. मग पुढे डोक्याला हात लावून बसायची पाळी येते.

म्हणून हा धडा. बोलून पटवणे म्हणजे काय? ते चांगले केव्हा आणि वाईट केव्हा? आपण पाहू या.

जुनी गोष्ट

फार दूर ग्रीस नावाचा देश आहे. तिथे सुमारे २४०० वर्षांपूर्वी गॉर्जियस नावाचा एक मोठा वक्ता होता. त्याचा भाऊ वैद्य होता. प्लेटो नावाच्या पंडिताने आपल्या ग्रंथात या गॉर्जियसच्या तोंडी एक हकिकत घातली आहे. गॉर्जियस म्हणतो, “माझ्या भावाचे रोगी औषध घ्यायला तयार नसत. जखम कापू देत नसत. वैद्याचे ऐकत नसत. मग मी जाऊन बोलत असे. माझ्या बोलण्याने ते तयार होत.”

हे चांगलेच झाले. रोगी वाचले. पण तोच गॉर्जियस पुढे म्हणतो, “गावाला वैद्य निवडायचा असेल आणि एका बाजूला खरा वैद्य व दुसऱ्या बाजूला मी असलो, तर लोक मलाच निवडतील!”

आता विचार करा. त्याला वैद्यकी येत नव्हती. येत होते ते फक्त बोलणे. असा माणूस वैद्य झाला, तर रोग्यांचे काय होईल?

जीभ एकच होती. तिनेच रोगी वाचवले. तीच जीभ रोगी मारूही शकली असती. कोयत्याने शहाळे सोलता येते आणि माणसाची मानही कापता येते. शब्दांचेही तसेच आहे.

शब्दाने घात कसा होतो?

फसवून बोलणारा आपल्या मनातल्या दोन दारांतून आत शिरतो. एक दार लोभाचे, दुसरे भीतीचे.

लोभाचे उदाहरण घ्या. १९९० नंतरच्या काही वर्षांत सागवान लागवडीच्या कंपन्या ठिकठिकाणी निघाल्या. आज थोडे पैसे भरा, वीस वर्षांनी झाडे तुम्हाला श्रीमंत करतील, अशा त्यांच्या जाहिराती असत. वीस वर्षांनी लाकडाला काय भाव येईल, हे आज कोण सांगू शकतो? आपण कोकणातली माणसे झाडे लावणारी. यंदा मोहोर टिकेल की नाही, हेही आपल्याला छातीठोक सांगता येत नाही. तरी छापील कागदावरचे मोठे आकडे पाहून पुष्कळांनी पैसे भरले आणि पुष्कळांचे बुडाले. शेवटी १९९९ मध्ये सेबी या संस्थेला अशा योजनांसाठी नियम करावे लागले. त्याच वर्षी महाराष्ट्रात ठेवीदारांच्या रक्षणाचा कायदा झाला. कायदे झाले, पण लोभ गेला नाही. त्यामुळे नव्या नावाने तेच बोलणे पुन्हा पुन्हा येते.

भीतीचे उदाहरण याहून वाईट आहे. धुळे जिल्ह्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी आवई तेव्हा मोबाईलवरून पसरली होती. १ जुलै २०१८ रोजी भिक्षा मागत फिरणारी पाच गरीब माणसे त्या गावी आली. हीच ती टोळी, असे कोणी तरी म्हटले. जमाव धावला. पाचही माणसे मारली गेली. त्यांनी कोणाचे मूल पळवले नव्हते. आवई ज्याने पुढे पाठवली, त्याच्या हातात काठी नव्हती. पण काठीला बळ त्याच्या शब्दांनी दिले.

शब्दाने भले कसे होते?

आता आपल्या कणकवलीची गोष्ट ऐका. गड नदीच्या काठी वागदे येथे गोपुरी आश्रम आहे. तो १९४८ मध्ये आप्पासाहेब पटवर्धन यांनी काढला. तेव्हा हा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. आप्पासाहेबांना लोक कोकणचे गांधी म्हणत.

आप्पासाहेबांना लोकांच्या गळी फार अवघड गोष्ट उतरवायची होती. मैला उचलणे हे काम कोणा एका जातीचे नाही. ते हलके काम नाही. आपली घाण आपणच काढली पाहिजे. हे त्या काळी कोणाला पटणार? ऐकणारा नाक मुरडून निघून जाई.

मग आप्पासाहेबांनी काय केले? नुसते भाषण केले नाही. स्वतः ब्राह्मण असून त्यांनी हातात झाडू घेतला. १९३२ मध्ये ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथेही भंगीकाम जातीने ठरलेले होते. ते काम मला द्या, असे त्यांनी मागितले. अधिकाऱ्यांनी नाही म्हटले. तेव्हा त्यांनी आपले अन्न कमी केले. गांधीजी त्या वेळी येरवड्याच्या तुरुंगात होते. आप्पांना पाठिंबा म्हणून त्यांनीही डिसेंबर १९३२ मध्ये उपवास धरला.

पुढे गोपुरीत आप्पासाहेबांनी साधा, कमी खर्चाचा संडास करून दाखवला. मैल्यावर माती व पालापाचोळा टाकायचा आणि त्याचे सोनखत करायचे. मेलेल्या गुरांचे कातडे सोडवण्याचे कामही त्यांनी स्वतः केले. त्यांचे बोलणे पटले नाही, तर माणूस जाऊन पाहू शकत होता. खत हातात घेऊ शकत होता. शेतात टाकून पीक कसे येते ते बघू शकत होता.

इथेच खरा फरक आहे. फसवणारा म्हणतो, “माझ्यावर विश्वास ठेवा.” भले करणारा म्हणतो, “या, स्वतः बघा.” फसवणारा आपली विचार करण्याची ताकद झोपवतो. भले करणारा ती जागी करतो.

आप्पासाहेबांचे सर्वांनी ऐकले काय? नाही. पुष्कळांनी ऐकले नाही. खरे बोलणाऱ्याला वेळ लागतो, हेही आपण ध्यानात ठेवावे. खोट्याला मात्र नेहमी घाई असते.

चार प्रश्न

म्हणून कोणी गोड बोलू लागला, की मनात चार प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न : हा सांगतो ते मला तपासून बघता येईल काय?

दुसरा प्रश्न : मी हो म्हटले तर फायदा कोणाचा? आणि बुडाले तर कोणाचे बुडेल?

तिसरा प्रश्न : हा फक्त चांगली बाजू सांगतो, की धोकाही सांगतो?

चौथा प्रश्न : हा मला विचाराला वेळ देतो काय? आजच सही करा, उद्या मिळणार नाही, असे कोणी म्हणाला, तर आपण शांतपणे म्हणावे, “घरात इचारतंय, मगे सांगतंय.” खरा माणूस उद्यापर्यंत थांबतो.

आता तुम्हाला वाचता येते. कागदावर अंगठा उठवण्याचे दिवस गेले. सही करण्याआधी कागद सगळा वाचावा. बारीक अक्षर तर आधी वाचावे. समजले नाही तर दुसऱ्याकडून वाचून घ्यावे. त्यात लाज नाही.

आपलीही जीभ तपासू या

आपणही रोज कोणाला तरी पटवत असतो. बोलणाऱ्याची बोरे विकली जातात, असे म्हणतात. विकावीत की! पण हापूसच्या पेटीत वर चांगली फळे आणि खाली डागी फळे घातली, तर तेही एक खोटे बोलणेच आहे. तोंड न उघडता केलेले.

भल्यासाठी बोलतानाही खरेच बोलावे. समजा, शेजारीण बाळाला लस टोचायला घाबरते. तिला काय सांगावे? “काही होत नाही,” असे सांगू नये. “वहिनी, एखादा दिवस ताप येईल, बाळ रडेल. पण मोठ्या रोगापासून जपले जाईल,” असे सांगावे. रात्री ताप आला, तरी तिचा विश्वास उडणार नाही. पोलिओच्या डोसाबद्दलही अनेक ठिकाणी खोट्या आवया उठल्या होत्या. कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन, पुन्हा पुन्हा समजावून त्या दूर केल्या. २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त ठरला. लस डॉक्टरांची होती, पण ती बाळाच्या तोंडापर्यंत पोचली ती खऱ्या शब्दांमुळे.

तर मंडळी, देवापुढे खुशाल “होय म्हाराजा” म्हणा. माणसापुढे मात्र आधी विचारा, मग तपासा. पटले तरच हो म्हणा.

विचार करा आणि सांगा

१. गॉर्जियसच्या बोलण्याने भले कोणते झाले? वाईट काय होऊ शकले असते?
२. आप्पासाहेबांनी आपले म्हणणे कसे पटवले?
३. तुमच्या गावात गोड बोलून कोणी फसवले आहे काय? त्या वेळी चार प्रश्नांपैकी कोणता विचारायला हवा होता?
४. मोबाईलवर आलेली आवई पुढे पाठवण्याआधी काय करावे?