कुत्र्याचें शिक्षण

मनुष्याच्या पाळीव प्राण्यांत कुत्रा हा सर्वांत जुना. जर्मनींतील बॉन शहराजवळ ओबरकासेल येथें दगडाच्या खाणींत १९१४ सालीं एक अतिप्राचीन थडगें सांपडलें. त्यांत एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याजवळ एका कुत्र्याचीं हाडें होतीं. हें थडगें सुमारें १४,००० वर्षांपूर्वींचें असावें, असें शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे गाय, घोडा आणि मेंढी मनुष्याच्या दावणीला येण्याच्या फार पूर्वींपासून कुत्रा त्याच्या शेकोटीपाशीं निजत आला आहे. इतक्या दीर्घ सहवासानंतरहि आपल्याकडील अनेक घरांत काय दृष्टीस पडतें? मुलांच्या हट्टामुळें एखादें गोजिरवाणें पिलूं घरीं येतें. चार दिवस त्याचें कौतुक होतें. सहा महिन्यांत तें आल्यागेल्याच्या अंगावर उड्या मारूं लागतें, जोडे कुरतडतें, हाक मारली कीं उलट दिशेला पळ काढतें. मग वडील मंडळी "पिलूं बिघडलें" असा निकाल देतात, आणि त्या बिचाऱ्याच्या गळ्यांत कायमची साखळी पडते. कांहीं घरांतून तर एके दिवशीं त्याला दूर नेऊन सोडून देण्यांत येतें.

या लेखांत सांगावयाचें आहे तें एवढेंच कीं, असें पिलूं बहुधा बिघडलेलें नसतें. तें शिकलेलें असतें. आणि तें जें शिकलें, तें घरांतल्या माणसांनींच त्याला नकळत शिकविलेलें असतें.

कुत्रा शिकतो कसा, याचा शोध विद्वानांनीं पुष्कळ केला आहे. रशियांतील इव्हान पावलॉव्ह यांना १९०४ सालीं पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांच्या प्रयोगशाळेंतील कुत्र्यांच्या तोंडाला अन्न पुढें येण्यापूर्वींच, अन्न आणणाऱ्याची चाहूल लागतांच पाणी सुटूं लागे. ज्या खुणेमागून जें येतें, त्याची सांगड कुत्र्याच्या मनांत आपोआप बसते, हें त्यावरून उघड झालें. अमेरिकेंत एडवर्ड थॉर्नडाइक यांनीं १८९८ च्या सुमारास भुकेलेलीं मांजरें पेटींत कोंडून बाहेर मासा ठेवून पाहिला. मांजर प्रथम वाटेल तशी धडपड करी. धडपडींत एकदां कळ दाबली जाऊन दार उघडे. पुढें पुढें इतर धडपड कमी होत जाई, आणि कळ मात्र लौकर दाबली जाई. ज्या कृतीनें लाभ होतो ती कृति प्राणी पुन्हां करतो, जिच्यांत लाभ नाहीं ती सोडून देतो. पिलाच्या शिक्षणाचा सारा ग्रंथ या एका नियमांत सांठविलेला आहे.

मात्र या नियमाला एक अट आहे, आणि तिच्याकडे आपण हटकून दुर्लक्ष करतों. लाभ किंवा हानि कृतीच्या त्याच क्षणीं झाली पाहिजे. पिलानें बारा वाजतां सतरंजी ओली केली आणि घरच्या बाईंनीं तें दोन वाजतां पाहून त्याला रागें भरलें, तर तें काय शिकेल? सतरंजी ओली करूं नये, हें खास नाहीं. फार तर इतकें शिकेल कीं, ओली सतरंजी आणि बाई एकाच खोलींत असल्या म्हणजे धोका असतो. यावर कोणी म्हणतील, "पण त्याला आपला अपराध कळतो, पाहा कसें कान पाडून, नजर चुकवून बसलें आहे!" हाहि भ्रमच आहे. अमेरिकेंत अलेक्झांड्रा होरोविट्झ या विदुषींनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कुत्र्यापुढें खाऊ ठेवून "खाऊं नको" असें सांगून मालकाला बाहेर पाठविलें. परत आल्यावर त्याला कधीं खरें, तर कधीं खोटेंच सांगण्यांत आलें कीं, कुत्र्यानें खाऊ खाल्ला. तो अपराधी चेहरा खाऊ खाण्यावर मुळींच अवलंबून नव्हता. मालक रागावला कीं निरपराधी कुत्र्यांचाहि चेहरा तसाच होई. ज्याला आपण पश्चात्ताप समजतों, ती आपल्या रागाला दिलेली शरणागति असते.

आतां हाकेचें उदाहरण घ्या. मोत्या अंगणांत खेळत आहे. "मोत्या, ये!" अशी हाक येते. तो आनंदानें धांवत येतो, आणि येतांच त्याच्या गळ्यांत साखळी अडकविली जाते. दुसऱ्या दिवशीं त्याच हाकेमागून थंड पाण्याची आंघोळ येते. तिसऱ्या दिवशीं तो जरा विचार करून, रेंगाळत येतो. तेव्हां उशीर केल्याबद्दल पाठींत चापट बसते. चौथ्या दिवशीं मोत्या लांबूनच शेपूट हलवीत उभा राहतो. घरचे म्हणतात, मोत्या हट्टी झाला. वस्तुतः मोत्यानें धडा उत्तम पाठ केला आहे. धडाच चुकीचा होता. म्हणून "ये" या हाकेमागें निदान पहिले कांहीं महिने तरी चांगलेंच कांहीं यावें: भाकरीचा तुकडा, उकडलेल्या अंड्याचा घांस, पाठीवरून प्रेमळ हात. आंघोळ घालावयाची असेल तर आपणच उठून त्याच्याकडे जावें. हाक मारली, आणि थोडा खाऊ देऊन पुन्हां खेळावयास सोडून दिलें, असें दिवसांतून पांचसात वेळां करावें; म्हणजे हाकेनें खेळ संपतो ही समजूत त्याच्या मनांत घर करीत नाहीं.

शब्दांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. एका आज्ञेला सबंध घरांत एकच शब्द असावा. वडील "खालीं बैस" म्हणतात, आई "गप बस" म्हणते आणि शाळेंत जाणारीं मुलें "सिट" म्हणून ओरडतात. त्या बापड्यानें तीन भाषांचें व्याकरण कोठून शिकावें? आपल्याकडील "बस" हा शब्द तर विशेषच घोटाळ्याचा. बस म्हणजे खालीं बैस, बस म्हणजे पुरे, आणि रोज सकाळीं जी चुकूं नये म्हणून घरांत धांवपळ होते ती शाळेची मोटारहि बसच! त्यापेक्षां "बैस" हा जुना शब्द बरा. तो सहसा दुसऱ्या अर्थानें कानीं पडत नाहीं. आज्ञा एकदांच, शांतपणें द्यावी. दहा वेळां ओरडून सांगितलेला शब्द दहाव्या वेळींच पाळावयाचा असतो, असा अर्थ पिलूं लावतें.

बसावयास शिकविणें फार सोपें आहे. जेवणापूर्वीं, पिलाला भूक असतां, खाऊचा लहानसा तुकडा चिमटींत धरून त्याच्या नाकाशीं न्यावा आणि हळूच डोक्यावरून मागच्या बाजूस सरकवावा. तुकड्यामागें नाक वर जातें आणि कंबर आपोआप खालीं टेकते. टेकतांक्षणींच "शाबास" म्हणून खाऊ द्यावा. ही कृति सहज होऊं लागली म्हणजे मग "बैस" हा शब्द जोडावा. पांच मिनिटें, दिवसांतून दोनतीन वेळां, इतका अभ्यास पुरे. पिलूं कंटाळण्यापूर्वींच शाळा सुटावी. आज्ञा पक्की झाल्यावर खाऊ प्रत्येक वेळीं न देतां मधून मधून द्यावा. एकदां "बैस" येऊं लागलें कीं, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारण्याचा प्रश्नहि पुष्कळसा सुटतो. उडी मारणाऱ्या पिलाकडे पाठ फिरवावी आणि बसणाऱ्याला कुरवाळावें. बसलेल्या कुत्र्याला एकाच वेळीं उडी मारतां येत नाहीं.

घाण करण्याची संवयहि अशीच सुटते. दोन महिन्यांच्या पिलाला वेळ धरून ठेवण्याची शक्तीच नसते. झोपेंतून उठल्यावर, खाल्ल्यावर व खेळ संपल्यावर त्याला ठराविक जागीं बाहेर न्यावें, आणि काम उरकतांच तेथेंच शाबासकी द्यावी. आंत घाण झालीच तर मुकाट्यानें जागा साबणानें धुऊन वास घालवावा. त्यांत नाक घासण्याची जी चाल आहे, ती नुसती निर्दय नसून निरुपयोगी आहे.

हाताला चावणें हा मात्र खोडीचा नव्हे, वयाचा प्रश्न आहे. चौथ्या महिन्याच्या सुमारास दुधाचे दांत पडूं लागतात व सहासात महिन्यांपर्यंत नवे येतात. तोंवर हिरड्या शिवशिवणारच. पिलूं जोरानें चावलें कीं खेळ तत्काळ थांबवून हात काढून घ्यावा, आणि क्षणभरानें चघळावयास जाड दोरीची गांठ द्यावी. हा धडा त्याला प्रथम त्याचीं भावंडें देत असतात. फार जोरानें चावणाऱ्याशीं तीं खेळत नाहींत. आपल्याकडे पिलें पुष्कळदां महिन्याचीं असतांनाच उचलून आणतात, आणि त्यांची ही पहिली शाळा बुडते. आठ आठवडे होईपर्यंत पिलूं आईपाशींच असावें.

जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनीं अमेरिकेंतील मेन प्रांतांत अनेक वर्षें पिलांचा अभ्यास करून १९६५ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. सुमारें तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिलाचें मन नव्या ओळखींना विशेष मोकळें असतें, हें त्यांच्या कामावरून स्पष्ट झालें. या काळांत छत्री, सायकल, दाढीवाले गृहस्थ, रांगणारें मूल, कुकरची शिटी व दूरचा ढोलताशा यांची हळूहळू आणि गोडीनें ओळख करून द्यावी. जें पिलूं हे दिवस साखळीला बांधून काढतें, त्याला पुढें सारें जगच परकें वाटतें, आणि भ्यालेला कुत्रा हाच बहुधा चावणारा कुत्रा होतो.

"छडीवांचून शिस्त नाहीं" असें मानणारे पुष्कळ आहेत. जर्मनींतील कॉनरॅड मोस्ट यांच्या १९१० सालच्या पुस्तकापासून कित्येक वर्षें हिसका आणि धाक यांवरच शिक्षणाचा भर असे. पुढें लांडग्यांच्या कळपांत दांडगाईनेंच पुढारीपण मिळतें, या समजुतीचा त्याला आधार मिळाला. परंतु ती समजूत कोंडून ठेवलेल्या, एकमेकांस अपरिचित लांडग्यांवरून झालेली होती. रानांतला कळप म्हणजे सामान्यतः आईबाप आणि त्यांचीं पिलें, हें डेव्हिड मीच यांनीं १९९९ सालीं दाखवून दिलें. छडीनें कुत्रा गप्प बसतो हें खरें. पण तो हात पाहून गप्प बसतो, आणि हात नसला म्हणजे काय करावें हें त्याला कोणीच शिकविलेलें नसतें.

विश्वासावर उभारलेलें शिक्षण कोठवर जातें, हें पाहावयाचें असेल तर अंधांच्या वाटाड्या कुत्र्यांकडे पाहावें. पहिल्या महायुद्धांत दृष्टि गमावलेल्या सैनिकांसाठीं जर्मनींतील ओल्डेनबुर्ग येथें १९१६ सालीं अशा कुत्र्यांची शाळा निघाली. १९२८ सालीं मॉरिस फ्रँक हा अंध अमेरिकन तरुण स्वित्झर्लंडला जाऊन डॉरोथी यूस्टिस यांच्याकडून "बडी" नांवाची कुत्री घेऊन आला, आणि पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत "सीइंग आय" ही संस्था स्थापन झाली. या कुत्र्यांना शेवटचा व सर्वांत कठीण धडा आज्ञा मोडण्याचा असतो. धन्यानें "पुढें चल" म्हटलें, परंतु समोर खड्डा असला किंवा गाडी वेगानें येत असली, तर कुत्रा जागचा हलत नाहीं. हुकूम कोणत्या प्रसंगीं पाळूं नये, हा विवेक माराच्या भीतीनें दबलेल्या जनावराकडून कधींच निघाला नसता.

आतां मुलांनीं विशेष लक्ष द्यावें अशी गोष्ट. खाणाऱ्या, झोंपलेल्या किंवा पिलें पाजणाऱ्या कुत्र्याला हात लावूं नये. त्याचें अंग ताठ झालें, तो तोंड फिरवूं लागला, झोंप नसतां जांभया देऊं लागला किंवा वरचेवर ओठ चाटूं लागला, कीं तो "मला सोडा" असें म्हणत आहे असें समजावें. तरीहि न ऐकलें तर तो गुरगुरतो. या गुरगुरण्याबद्दल त्याला कधींहि मारूं नये. ती त्याची शेवटची सभ्य सूचना असते. मारून ती बंद केली, तर पुढच्या खेपेस तो सूचना न देतांच चावेल, आणि लोक म्हणतील कीं कुत्रा एकाएकीं चावला.

चावलाच, मग तो घरचा असो वा रस्त्यावरचा, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी. हळद, चुना, मिरचीपूड असलें कांहीं लावूं नये. घरच्यांपासून ती लपवूं नये आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. रेबीजचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं रोगी जवळजवळ कधींच वांचत नाहीं. परंतु वेळेवर लस टोंचून घेतली तर रोग टळतो. लुई पाश्चर यांनीं १८८५ सालीं ही लस ज्याला प्रथम दिली, तो जोसेफ माइस्टर नऊ वर्षांचा शाळकरी मुलगा होता. पिलालाहि तिसऱ्या महिन्यांत जनावरांच्या डॉक्टरांकडे नेऊन ही लस द्यावी आणि पुढें त्यांच्या सल्ल्याप्रमाणें ती चालूं ठेवावी. दवाखान्यांत जातांना खिशांत भाकरीचे दोनचार तुकडे असूं द्यावेत. सुई टोंचून होतांच ते द्यावे, म्हणजे पुढच्या वर्षीं तें पिलूं दवाखान्याच्या दारांतून मागें फिरणार नाहीं.