पणजीचे माहेर

वडिलांचे नाव आपण रोज लिहितो. आजोबांचे नाव बहुतेकांना ठाऊक असते, पणजोबांचे थोड्यांना सांगता येते. परंतु पणजीचे माहेर कोणते, तिचे आईवडील कोण, असे विचारले असता मोठी माणसेही निरुत्तर होतात. वास्तविक एक पिढी मागे गेल्यास आपले दोन पूर्वज आढळतात, दोन पिढ्या मागे चार आणि तीन पिढ्या मागे आठ. या आठांपैकी घरच्या वंशावळीत बहुधा एकाचेच नाव असते.

याचे कारण वंशावळीच्या हेतूत आहे. वतन, इनाम व जमीन यांवरील हक्क सिद्ध करण्यासाठी पुष्कळ वंशावळी मांडल्या गेल्या. हे हक्क सामान्यतः बापाकडून मुलाकडे जात. म्हणून मुलींची व सुनांची नावे गाळली गेली. जुन्या कागदांत पुरुषाचे नाव ‘बिन’ या शब्दाने बापाशी जोडलेले असते. विवाहित स्त्रीचे मात्र ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ या शब्दाने पतीशी. विवाहात नाव बदलण्याची चाल ज्या घरांत होती, तेथे तर तिचे जन्मनावही मागे पडले. जिने घर उभे केले, तिचाच ठावठिकाणा कागदावर उरला नाही.

मग शोध कोठून आरंभावा? जे ज्ञात आहे तेथून. घरातील वृद्धांना एकदम ‘वंश सांगा’ म्हटल्यास त्यांना काही आठवत नाही. पण लहान लहान प्रश्न विचारावेत. पणजी बाळंतपणाला कोणत्या गावी जाई? आजोबांचे मामा कोठून येत? जात्यावर ती ओव्या म्हणे, त्यांत कोणत्या गावाचे व भावांचे नाव येई? अशा उत्तरांतून माहेरचे गाव व भावांची नावे मिळाली, की निम्मे काम झाले. कारण भावांचा बाप तोच पणजीचा बाप.

पुढे कागदपत्रे पाहावीत. माहेरच्या गावातील शाळेच्या जुन्या नोंदवहीत भावांची नावे वडिलांच्या नावासह सापडू शकतात. जमीनधारक मृत्यू पावल्यावर त्याच्या वारसांची नोंद फेरफारात होते. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने पित्याच्या मालमत्तेत मुलीलाही वारस मानले. म्हणून त्यानंतरच्या फेरफारांत विवाहित मुलींची नावे आढळण्याचा संभव अधिक. श्राद्धाचे टिपणही उपयोगी पडते. त्या विधीत पित्याकडील तीन पिढ्यांप्रमाणे मातामहादी तीन पिढ्यांचाही उच्चार होतो. आजोबांचा मातामह म्हणजेच पणजीचा पिता! त्र्यंबकेश्वरासारख्या क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची गाववार व घराणेवार नोंद असते, तीही पाहावी. याहून जुने कागद बहुधा मोडी लिपीत असतात. त्यांतील शक इसवी सनात आणताना 78 किंवा 79 मिळवावे लागतात. शके 1810 म्हणजे इसवी सन 1888-89.

येथे एक सावधगिरी हवी. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत असल्यामुळे एकाच घराण्यात ‘विठ्ठल गोविंद’ आणि ‘गोविंद विठ्ठल’ पुन्हा पुन्हा येतात. केवळ नाव जुळले म्हणून माणूस जुळत नाही. गाव, काळ व भावंडे हीही जुळली पाहिजेत. एका नोंदीला दुसऱ्या स्वतंत्र नोंदीचा आधार मिळेपर्यंत त्या नावापुढे प्रश्नचिन्हच ठेवावे. चुकीचे नाव लिहिण्यापेक्षा मोकळी जागा बरी.

कागद शंभर वर्षे टिकू शकतो. माणसाची आठवण त्याच्याबरोबर जाते. म्हणून दप्तरखान्याची वाट धरण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ बसावे आणि ती सांगेल ते, दिवस व तिचे नाव घालून, वहीत उतरवून घ्यावे. वंशवृक्ष काढताना प्रत्येक पुरुषाच्या नावाशेजारी त्याच्या पत्नीचे नाव, तिचे माहेर आणि तिचे आईवडील यांसाठी जागा राखावी. ती जागा आज रिकामी दिसली, तरी कोणाला शोधायचे आहे हे पुढच्या पिढीला त्यावरूनच कळेल.