दूरदर्शनचं मैदान

१९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धांनी भारतीय टीव्हीला रंग दिले आणि दूरदर्शनला खेळांच्या थेट प्रक्षेपणाचा मोठा सराव. पुढची दहा वर्षं हे मैदान त्याचं एकट्याचंच होतं.

१९९३मध्ये हीरो कप क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला गेले आणि वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. प्रक्षेपणाच्या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत, त्यांवर सरकारची मक्तेदारी नाही, असा निकाल १९९५मध्ये आला. खासगी वाहिन्या सरसावल्या, हक्कांच्या बोली चढल्या.

१९९८मध्ये दूरदर्शनने स्वतंत्र क्रीडावाहिनी काढली. खरा आधार मात्र २००७च्या कायद्याने दिला: राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी वाहिनीने दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीलाही द्यायचं. म्हणूनच तुमसर, साकोली, पवनीकडच्या खेड्यांत दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री लावलेल्या घरी भारताचा एकदिवसीय सामना मासिक शुल्काशिवाय पाहता येतो.